हसरा चेहरा आणि ओलं फडकं

सिन्नरहून शिर्डीला निघालं, मुसळगाव मागे पडलं, की रस्ता सरळ लागतो आणि पोट वाकडं चालायला लागतं. मग पाटी दिसेल तिथे गाडी आत.

गेल्या आठवड्यात असाच एका हॉटेलात शिरलो. नाव सांगणार नाही. साईंच्या नावाचं आहे, एवढंच सांगतो. म्हणजे काहीच सांगितलं नाही.

टेबल पुसायला पोरगा आला. हातात ओलं फडकं. त्याचा मूळ रंग कोणता, हे आता पुरातत्त्व खात्यानेच सांगावं. गोंदेश्वराच्या निमित्ताने सिन्नरात येणं-जाणं आहेच त्यांचं. पोराने आधी टेबल पुसलं. मग त्याच फडक्याने ताट. मग चमचे. शेवटी स्वतःचं कपाळ.

सुरुवात कपाळापासून केली नाही, हे आमचं नशीब.

मग पाणी आलं. चार ग्लास, एका हातात, प्रत्येक ग्लासात एक बोट. म्हटलं, "भाऊ, बोटं बाहेरून धर की." तो म्हणाला, "पाणी आरओचं आहे साहेब."

पाण्याची हमी मिळाली. बोटांची कोणी द्यायची?

"शेठ, लायसन आहे ना?" शेठनी मान न वळवता अंगठ्याने मागे दाखवलं. भिंतीवर, चौकटीत, काचेखाली, साईबाबांच्या फोटोशेजारी. दोघांना मिळून एक उदबत्ती. धुराने 14 आकड्यांतले शेवटचे काही काळे पडलेले. बाबांचा चेहरा मात्र लख्ख. तो रोज पुसतात.

वेगळ्या फडक्याने.

"लायसन आहे" या दोन शब्दांवर निम्मा महाराष्ट्र निर्धास्त जेवतो. आहे ना लायसन? मग वाढा. पण त्या कागदावर नेमकं काय लिहिलंय, हे कोणी वाचलंय का? त्यावर धंद्याचा प्रकार असतो, पत्ता असतो. स्वयंपाकघर स्वच्छ आहे असं कुठेच नसतं. ड्रायव्हिंग लायसन खिशात असलेला माणूस गाडी नीट चालवतो, असं सिन्नर चौफुलीवर उभं राहून कोणी म्हणेल का?

गोम जुनी आहे. 1954 पासून आपल्याकडे होता तो अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा. नावातच शत्रू ठरलेला: भेसळ. दुधात पाणी घालणारा तो गुन्हेगार. आणि शुद्ध दूध मळक्या हाताने ओतणारा तो आपला माणूस. 2006 साली अन्न सुरक्षा व मानके कायदा आला, 5 ऑगस्ट 2011 पासून त्याचे नियम लागू झाले, आणि स्वयंपाकघर, हात, नखं, पाणी, मोरी हे सगळं तपशीलवार कायद्याच्या कक्षेत आलं. कायदा बदलला.

फडकं तेच राहिलं.

आता जरा तो 14 आकडी क्रमांक बघू. 1 जानेवारी 2022 पासून तो बिलावर छापणं बंधनकारक आहे. तेव्हा बिल मागा. मागून तर बघा! शेठ कॅल्क्युलेटर तुमच्याकडे वळवतात. फारच आग्रह धरलात, तर वहीचा कोपरा फाडून आकडा लिहून देतात. त्या कोपऱ्यावर क्रमांक शोधायचा तर तो बहुधा उधारीवाल्याचा मोबाईल नंबर निघतो.

समजा क्रमांक मिळाला. पहिला आकडा बघा. 1 असेल तर परवाना, 2 असेल तर नुसती नोंदणी. नोंदणी ही छोट्यांसाठी: हातगाडी, टपरी, घरगुती डबे. 2011 च्या नियमांनी ही रेषा वर्षाला 12 लाखांच्या उलाढालीवर आखली आणि फी ठेवली वर्षाला 100 रुपये. 12 लाख भागिले 365, म्हणजे दिवसाला 3,287 रुपये.

आता हायवेवरचं एखादं हॉटेल डोळ्यांपुढे आणा. चाळीस टेबलं, फॅमिली रूम वेगळी, बाहेर लक्झरी बस उभ्या राहतील एवढं पार्किंग. आणि क्रमांकाचा पहिला आकडा 2. त्या रेषेने दिवसाची उलाढाल 3,287?

एवढ्याच्या तर पाण्याच्या बाटल्या जातात गुरुवारी.

टपरीवाल्याची गोष्ट वेगळी. त्याने अर्ज केला आणि 30 दिवसांत कुणी काहीच कळवलं नाही, तर त्याने धंदा सुरू करावा, असं नियमच सांगतो. ठीक आहे, गरिबाला ताटकळत ठेवू नये. पण याचा दुसरा अर्थ लक्षात घ्या. भिंतीवर नोंदणीचा कागद आहे म्हणजे कोणी येऊन कढई पाहून गेलंय, असं अजिबात नाही.

मग येऊन पाहतं तरी कोण? अन्न सुरक्षा अधिकारी. आणि तो काय पाहतो? यादी वाचली तर भरून येतं. पाणी पिण्यायोग्य आहे का. कच्चं आणि शिजलेलं वेगळं ठेवलंय का. थंड पदार्थ 5 अंशांच्या खाली आणि गरम 60 अंशांच्या वर आहेत का, कारण मधल्या तापमानात जंतूंची जत्रा भरते. कामगारांची दरवर्षी वैद्यकीय तपासणी झालीय का. उंदीर-झुरळांचा बंदोबस्त आहे का. कचऱ्याच्या डब्याला झाकण आहे का. दर 25 कामगारांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक आहे का.

आमच्या हॉटेलात माणसं सहा. त्यांतला प्रशिक्षित कोण? शेठ. शेठ कुठे? गल्ल्यावर.

यादी उत्तमच आहे. अडचण एवढीच, की अधिकारी मोजके आणि हॉटेलं उदंड. नाशिकहून निघून मोहदरी घाट चढून यायचं, मग पुणे रस्ता नांदूर-शिंगोट्यापर्यंत, शिर्डी रस्ता पाथऱ्यापर्यंत, मध्ये माळेगाव आणि मुसळगावच्या कारखान्यांची उपाहारगृहं, आणि आता गोंद्याला समृद्धी महामार्ग उतरलाय. एका माणसाने किती कढया हुंगायच्या?

आणि तपासणीच्या दिवसाचं काय असतं, हे शाळेत गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. शाळा तपासायला दिपोटी यायचे त्या दिवशी आम्ही नखं कापून जायचो, तेल लावून, भांग पाडून. हॉटेलातही त्या दिवशी पांढऱ्या टोप्या निघतात, हातमोजे निघतात, पिंपावर झाकण येतं. दुसऱ्या दिवशी टोपी खुंटीला.

झाकण कुठे जातं, हे मला आजवर कळलेलं नाही.

बरं, घाण सापडली. पुढे? आधी सुधारणा नोटीस. तिला किमान 14 दिवसांची मुदत. म्हणजे झुरळालाही घर रिकामं करायला पंधरवडा मिळतो. आपल्या भाडेकरूंना कधी कधी तेवढाही मिळत नाही. अस्वच्छतेचा दंड कायद्यात एक लाखापर्यंत. ही कमाल मर्यादा आहे, आणि आपल्याकडे कमाल ही बघून कमाल वाटण्यासाठीच असते. नमुना घेतला तर त्याचे चार भाग करायचे, सील लावायचं, सह्या घ्यायच्या, एक भाग विश्लेषकाकडे धाडायचा. त्याच्या अहवालाला पुन्हा 14 दिवस.

तोवर ती भाजी कुठल्या कुठे गेलेली असते.

पण माझं खरं दुखणं दंडाचं नाहीच. तपासणीत काय निघालं, हे खाणाऱ्याला का कळत नाही? अधिकारी येतो, लिहून घेतो, कागद फाइलीत जातो. मालकाला माहीत, कार्यालयाला माहीत. ज्याच्या पोटासाठी हा सगळा खटाटोप, तो टेबलावर बसून विचारतो, "शेवभाजी तिखट आहे का?"

परदेशात तरी काय वेगळं करतात? फार काही नाही. निकाल दारावर चिकटवतात. लॉस एंजेलिसमध्ये 1997 साली एका वाहिनीने छुप्या कॅमेऱ्याने हॉटेलांची स्वयंपाकघरं दाखवली, लोकांना मळमळलं, आणि पुढच्याच वर्षी दारोदारी ए, बी, सी अशी अक्षरं लागली. न्यूयॉर्कने 2010 मध्ये तेच केलं. इंग्लंड-वेल्समध्ये 0 ते 5 गुण. आणि वेल्समध्ये तर नोव्हेंबर 2013 पासून मिळालेला भोपळासुद्धा दारावर लावावाच लागतो. पुण्या-नाशिकची पोरं तिकडे शिकायला जातात आणि 3 गुणांच्या हॉटेलाकडे नाक मुरडून 5 वाल्याकडे वळतात.

हीच पोरं सुट्टीत इकडे आली की सिन्नर स्टँडबाहेर उभं राहून भजी खातात. हवापालट म्हणून.

आपल्याकडेही गुण आहेत, बरं का. केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची हायजीन रेटिंग नावाची योजना आहे. गुणांऐवजी हसरे चेहरे. एक हसरा चेहरा ते पाच हसरे चेहरे. किती गोड! फक्त ती ऐच्छिक आहे. ज्याला वाटेल त्याने अर्ज करावा. तपासायला प्राधिकरणाच्या यादीतली खासगी संस्था येते आणि तिची फी हॉटेलवाला भरतो. पेपर तपासणाऱ्याचं मानधन परीक्षार्थी देतो.

आणि ज्याला नापास होण्याची खात्री आहे, तो परीक्षेला बसेलच कशाला?

म्हणून पाच हसरे चेहरे दिसतात ते मोठ्या शहरातल्या मोठ्या साखळी हॉटेलांत, जिथे फरशी आधीच आरशासारखी असते. मोहदरी घाटापासून वावीपर्यंत मला एकही हसरा चेहरा दिसला नाही. पाट्या मात्र भरपूर दिसल्या. "आज रोख उद्या उधार." "बेसिनमध्ये खरकटे टाकू नये." "एका प्लेटमध्ये दोघांनी जेवू नये." "किचनमध्ये ग्राहकांना प्रवेश नाही."

शेवटची सर्वात प्रामाणिक.

"पण आम्ही मोबाईलवर तारे बघून जातो," असं म्हणणारे शहाणे असतातच. तारे कोण देतं? तुमच्यासारखाच एक भुकेला. त्याने काय पाहिलेलं असतं? ताट, एसी आणि पार्किंग. "चव मस्त, पार्किंग प्रशस्त, वेटर नम्र, 5 तारे." स्वयंपाकघर बघितलेलंच नाही. लग्न ठरवताना नुसती पत्रिका बघून मुलीला पसंती कळवावी तसं. आणि डबा घरी आला तर हॉटेल कुठल्या गल्लीत आहे हेही ठाऊक नसतं. तरी तारे देऊन आपण मोकळे.

तपासणी तातडीने व्हावी असं वाटत असेल, तर त्याचाही एक मार्ग महाराष्ट्राने बघितलाय. जुलै 2025. मुंबईत मंत्रालयापासून हाकेच्या अंतरावरचं आकाशवाणी आमदार निवास. आमदार संजय गायकवाडांना डाळीला वास आला. ते बनियन-टॉवेलवरच कँटीनमध्ये उतरले आणि तिथल्या माणसाला बुक्क्यांनी बदडलं. दुसऱ्या दिवशी अन्न व औषध प्रशासन हजर. नमुने घेतले, परवाना निलंबित. एका दिवसात!

टॉवेल आपल्याकडेही आहे. आमदारकी नाही.

आणि मार कोणी खाल्ला? कँटीनमधल्या पगारी माणसाने. डाळ कधी शिजवायची, किती ठेवायची, उरली तर टाकायची की नाही, यातलं त्याच्या हातात काय होतं? डाळ शिळी असो वा ताजी, बुक्की ही तपासणीची पद्धत नव्हे. पण त्या दिवशी राज्यातला प्रत्येक जेवणारा मनातून म्हणाला: म्हणजे हे लोक एका दिवसात येऊ शकतात तर!

येतात, येतात. दिवाळीत तर हमखास येतात. खवा पकडतात, तेलाचे डबे सील करतात, पेपरात फोटो येतो. भाऊबीज झाली की प्रशासनही माहेरपणाला जातं.

मधल्या काळात पनीर बनावट असतं. 2025 च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात एका आमदाराने तसलं पनीर थेट विधानसभेत आणून दाखवलं. सभागृहाने काळजी व्यक्त केली. ढाब्यावर त्या दिवशीही पनीर मसाला संपला.

आता आपली बाजू. शिर्डी करून आलेल्या कुणाचंही पोट बिघडलं, की घरात निदान काय होतं? "पाणी बाधलं." "उन्हाचं झालं." "उपाशी राहिलास ना दर्शनाच्या रांगेत." "दृष्ट लागली." कोणी म्हणतं का, की वाटेतल्या हॉटेलात दुपारचा भात रात्री परतून वाढला? मराठीत पोट बिघडण्याला कर्ताच नसतो. बाधतं. आपोआप.

आणि तो लाडका गैरसमज: "उकळलं की सगळं मरतं." मरत नाही हो! भातातल्या काही जंतूंची बीजं शिजवूनही टिकतात आणि भात कोमट राहिला की पुन्हा पालवतात. हाताच्या जखमेतून अन्नात जाणारे स्टॅफिलोकॉकस उकळून मरतीलही, पण त्यांनी सोडलेलं विष उकळीला दाद देत नाही. गरमागरम वाफाळलेलं ताट समोर आलं म्हणून ते ताजं, हा निष्कर्ष नाकाचा. आतड्यांचा निकाल सहा तासांनी लागतो.

तोपर्यंत गाडी सिन्नर ओलांडून गेलेली असते. शेठ निर्दोष.

तेलाचंही तसंच. तळणाच्या तेलात खराब घटक 25 टक्क्यांवर गेले की ते वापरायचं नाही, हा नियम 1 जुलै 2018 पासून आहे. मोजायचं यंत्रही मिळतं. आमच्याकडे मोजतात कसं? कढईत बघून. तळ दिसत नसेल तर तेल मुरलेलं, म्हणजे भजी खमंग.

राहता राहिला कागद. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधायचे नाहीत, शाई पोटात जाते, असा नियम 1 जुलै 2019 पासून लागू आहे. हे मी कुठे लिहितोय? वर्तमानपत्रात. हे सदर आज तुम्ही वाचताय; येत्या बुधवारी याच सदरावर चार भजी आणि एक तळलेली मिरची विराजमान असेल. लेखनाचं चीज होतं म्हणतात, ते असं.

2027 च्या सिंहस्थाची तयारी जोरात आहे. नाशिक आणि शिर्डी या दोन्ही टोकांची गर्दी सिन्नरातून जाणार. रस्ते रुंद होतायत, पूल होतायत, घाट होतायत. हॉटेलामागच्या बादलीत मात्र बशांचं शाहीस्नान वर्षाचे बाराही महिने चालू आहे. एकच पाणी, एकामागून एक आखाडा.

तर तुम्ही-आम्ही काय करायचं? कायद्यात एक गंमतशीर कलम आहे, चाळीसावं. विकत घेतलेला पदार्थ ग्राहक स्वतः अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. अट एवढीच, की घेतानाच विक्रेत्याला तसं सांगायचं. फी आपण भरायची; पदार्थ नापास ठरला तर फी परत. कलम साधं आहे, सरळ आहे, आणि कोणी वापरत असेल असं वाटत नाही.

मी वापरून पाहिलं. पोऱ्याला म्हटलं, "भाऊ, ही शेवभाजी मी प्रयोगशाळेत पाठवणार आहे." तो म्हणाला, "म्हणजे पार्सल का?"

शेठ गल्ल्यावरून ओरडले, "पार्सलचे दहा रुपये जास्तीचे होतील."

मग काय केलं? खाल्ली. भूक लागली होती, आणि शेव कुरकुरीत होती. सदर लिहिणारा काही आकाशातून पडत नाही.

एक मात्र केलं. निघताना उदबत्तीचा धूर रुमालाने पुसून तो 14 आकडी क्रमांक टिपून घेतला. तुम्हीही घ्या. बिलावर नसेल तर भिंतीवरून घ्या, भिंतीवर नसेल तर तेवढंच सांगा. अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री नंबर आहे 1800-222-365. बनियन-टॉवेलवर कुठे उतरावं लागत नाही, आणि फोनला पैसे पडत नाहीत.